जिभेस लगाम

बायबलच्या नव्या करारात, अगदी शेवटाकडे, याकोबाचे एक छोटेखानी पत्र आहे. अवघे पाच अध्याय. त्यात तत्त्वविवेचन थोडे आणि रोजच्या वागण्याविषयीचे बोल अधिक. श्रीमंताला मानाची जागा आणि फाटक्या वस्त्राच्या माणसाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला याकोब खडसावतो. उपाशी माणसाची तोंडदेखल्या शुभेच्छांवर बोळवण करणाऱ्यांना विचारतो की, असल्या श्रद्धेचा उपयोग काय? मार्टिन लूथरला हे पत्र फारसे मानवले नव्हते. १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध करताना प्रस्तावनेत त्याने या पत्राला चक्क गवताची उपमा दिली होती. परंतु गेल्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती घराघरांतून जे वाचले गेले, आणि वाचताना ज्याने वाचणाऱ्याला थोडे अवघडल्यासारखे झाले, ते याच पत्राचा तिसरा अध्याय होय. त्याचा विषय आहे जीभ.

याकोबाची शैली दाखल्यांची. घोड्याच्या तोंडातला लोखंडाचा तुकडा तो केवढा, पण सबंध जनावर त्यापाठी वळते. वाऱ्याच्या झोताने चाललेले मोठे गलबत चिमुकल्या सुकाण्याच्या तंत्राने जाते. आणि एवढीशी ठिणगी पाहता पाहता रान पेटवते. इथवर आपण माना डोलावतो. कारण जिभेला हाड नसते, हे आपल्याकडेही आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक असते. याकोबाचा खरा घाव पुढे आहे. पशू, पक्षी, सरपटणारे जीव, जलचर या सर्वांना माणसाने माणसाळविले, पण जिभेला वश करणे कोणाही माणसाला साधलेले नाही, असे तो म्हणतो. आणि मग तो या प्रश्नाचे मर्म सांगतो: ज्या जिभेने आपण देवाचे स्तवन करतो, त्याच जिभेने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शिव्याशाप देतो. एकाच झऱ्यातून गोडे आणि खारे पाणी यावे, असा हा प्रकार. चर्चमध्ये गाऊन झालेले गीत अजून ओठांवर असते, आणि पायऱ्या उतरता उतरता कोणाच्या सुनेची, कोणाच्या लग्नातल्या मानपानाची कथा सुरू होते. (देवळाच्या पायऱ्यांवर असे घडत नाही, असे कोणी म्हणू नये.)

गीता सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगते: बोलणे दुसऱ्याला न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, आणि त्याला स्वाध्यायाची जोड असावी. आपल्या वाचकांना ही परंपरा परिचित आहे. तेव्हा ख्रिस्ती विचार काहीतरी अगदीच निराळे सांगतो असे नव्हे. मात्र भर कोठे आहे, ते पाहण्याजोगे आहे. येशूच्या शिकवणीप्रमाणे तोंड हा अंतःकरणाचा दरवाजा आहे. आत जे साठले आहे तेच बाहेर येते. म्हणून केवळ ओठ आवळून धरल्याने काम भागत नाही. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानात असे सांगितले आहे की, माणसाने सहज म्हणून उच्चारलेल्या प्रत्येक निरर्थक शब्दाचाही न्यायाच्या दिवशी हिशेब द्यावा लागेल. रागाने नव्हे, द्वेषाने नव्हे, नुसत्या सहजपणे! हा हिशेब ज्याने खरोखर मनावर घेतला, त्याची दिनचर्याच बदलावी, अशी ही गोष्ट आहे.

तशी ती काहींची बदललीही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या संन्याशांच्या आठवणी पुढे संग्रहरूपाने जतन झाल्या. त्यांत आगाथोन नावाच्या साधूविषयी असे सांगितले आहे की, मौन अंगी बाणावे म्हणून त्याने तीन वर्षे तोंडात खडा धरला होता. पांबो या दुसऱ्या साधूची हकीकत अधिक मार्मिक आहे. अक्षरओळख नसलेला हा मनुष्य स्तोत्र शिकण्यासाठी एका जाणत्याकडे गेला. एकोणचाळिसावे स्तोत्र निघाले; आपल्या जिभेने पाप घडू नये म्हणून मी आपल्या मार्गांविषयी सावध राहीन, अशा अर्थाने ते सुरू होते. एवढे ऐकताच पांबो उठला आणि म्हणाला, हे एवढे जमले तर पुरे. सहा महिन्यांनी शिकवणाऱ्याने विचारले, पुढचे शिकायला का आला नाहीस? तर अजून पहिलेच झाले नाही, असे उत्तर मिळाले. पुष्कळ वर्षांनी कोणी पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला की, एकोणीस वर्षे झाली, आता कुठे कसेबसे साधते आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा सहावा अध्याय मितभाषणावर आहे आणि त्यातही याच स्तोत्राचा आधार घेतलेला आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये, असाही नियम त्याने घातला. हे साधू कायमच्या मौनाची शपथ घेतात, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. शपथ मौनाची नसते. मौन ही सवय लावायची असते. जेथे बोलण्यास मनाई होती तेथे गरजेपुरत्या हातांच्या खुणा ठरलेल्या असत. पण माणूस तो माणूसच. बाराव्या शतकातील वेल्सचा लेखक जेराल्ड हा कँटरबरीच्या मठात जेवायला बसला, तेव्हा तेथील साधू बोटे, हात, बाहू यांनी एकमेकांशी इतक्या उत्साहाने संवाद करीत होते की, आपण मठात आहोत की नाटक्यांच्या मेळ्यात, असे त्याला वाटले. याहून तोंडाने बोललेले बरे, असा शेरा त्याने मारून ठेवला आहे. जीभ बांधली तरी बोटे बोलू लागतात. अंगठ्याने मोबाइलवर घरोघरच्या वार्ता पसरविणाऱ्या आजच्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

परंतु वाळवंट आणि मठ हे थोड्यांसाठी. संसारी माणसाची परीक्षा जेवणाच्या पंगतीत होते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगराचा (हे आज अल्जीरिया देशात येते) बिशप ऑगस्टीन याच्या जेवणाच्या मेजावर एक द्विपदी लिहिलेली असे. तिचा भावार्थ असा की, पाठीमागे दुसऱ्याच्या आयुष्याचे लचके तोडण्याची ज्याला गोडी आहे, त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असे समजावे. त्याचा सहवासी आणि चरित्रकार पोसिडियस सांगतो की, एकदा ऑगस्टीनच्या निकट स्नेहातील काही बिशपच पाहुणे असताना हा नियम विसरले. ऑगस्टीन चिडला आणि म्हणाला, एक तर मेजावरच्या ओळी खोडून टाका, नाहीतर मी अर्ध्या जेवणातून उठून माझ्या खोलीत जातो. पाहुण्यांना असे सुनावणे आपल्याकडे शिष्टसंमत ठरणार नाही. तथापि ज्याची निंदा चालली आहे तो पंगतीत नसतो, आणि त्याच्या वतीने उठून उभे राहणारा कोणी तरी असावा लागतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

मध्ययुगातील धर्मचिंतकांनी या विषयाची जी चिकित्सा केली, तिच्याइतकी बारकाईची चिकित्सा क्वचितच दुसऱ्या कोणी केली असेल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने आपल्या महाग्रंथात वाणीच्या पापांची एकेक करून छाननी केली. तोंडावर केलेला अपमान निराळा, पाठीमागे केलेली निंदा निराळी, कानात सांगितलेली चहाडी निराळी, टवाळी निराळी आणि शाप निराळा. आपल्याला हे सर्व एकाच माळेचे मणी वाटतात. परंतु त्याने प्रत्येकात काय हिरावले जाते, हे पाहिले. अपमानाने माणसाचा मान जातो. निंदेने लौकिक जातो. आणि चहाडीने मैत्री जाते. निंदकाचा हेतू इतकाच की, तिसऱ्याविषयी ऐकणाऱ्याचे मत वाईट व्हावे. चहाडखोराचा हेतू दोघांमध्ये वितुष्ट यावे हा. मैत्री ही लौकिकाहूनही मोलाची, म्हणून त्याच्या मते चहाडी हे निंदेपेक्षाही मोठे पाप. काडी लावणे, कान भरणे हे आपले वाक्प्रचार नेमके याचसाठी आहेत. काडी लावणारा मनुष्य खोटे बोललेला असतोच असे नाही. तो खरेच तेवढे सांगतो. फक्त योग्य जागी आणि योग्य वेळी सांगतो.

आणि इथे एक प्रश्न उभा राहतो, जो बहुतेक सुशिक्षित घरांत कोणी विचारीत नाही. 'मी काही खोटे सांगत नाही, जे आहे ते सांगते,' या वाक्याने आपल्याकडे कोणत्याही निंदेला परवाना मिळतो. कॅथलिक नीतिशास्त्र हा परवाना नाकारते. दुसऱ्याविषयी खोटे पसरवणे हे एक पाप. आणि दुसऱ्याचा खरा दोष, ज्यांना तो ठाऊक नव्हता अशांना, सबळ कारणावाचून सांगणे हे निराळे, पण पापच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही हा भेद स्पष्ट केलेला आहे. दिवाळे निघालेल्या शेजाऱ्याची, मोडलेल्या सोयरिकीची, दारूच्या आहारी गेलेल्या मुलाची गोष्ट खरी आहे. पण ती सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रॉटेस्टंट परंपराही इथे मागे नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा कॅथलिक आणि लूथरपंथी आठवी म्हणून मोजतात, तर इतर बहुतेक प्रॉटेस्टंट नववी. अंक कोणताही असो, १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत लूथरने या आज्ञेचा अर्थ लावताना नुसती मनाई सांगितली नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे, आणि त्याच्या कृत्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे तो सांगतो. याकोबाच्या पत्राला गवत म्हणणारा मनुष्य हाच, हे लक्षात घेतले म्हणजे गंमत वाटते.

फ्रान्सिस दे साल याने १६०९ साली संसारी भाविकांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात निंदेच्या आणखी एका जातीचे वर्णन आहे. प्रथम स्तुती करायची आणि मग 'पण' म्हणायचे. माणूस फार चांगला, मला त्याच्याविषयी अत्यंत आदर, पण खरे सांगायचे तर... धनुर्धारी बाण स्वतःकडे ओढतो तो अधिक जोराने सुटावा म्हणून, तसेच हे, असे तो म्हणतो. आपल्या समारंभांत, मंडळांच्या वार्षिक सभांत, विवाह जुळवण्याच्या बैठकींत या 'पण'ची किती आवर्तने होतात, याची मोजदाद वाचकांनी स्वतःच करावी.

परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला तर वाणीचा आणखी एक मोह येतो. वडोद्याच्या मांडवीत, इंदूरच्या राजवाड्याजवळ किंवा हैदराबादच्या सुलतान बाजारात उभे राहून दुकानदाराच्या देखत त्याच्याच मापाविषयी, मालाविषयी, कधी रूपाविषयीही आपण मराठीत शेरे मारतो. मराठी ही जणू आपली घरगुती सांकेतिक लिपी. घरी आलेल्या परभाषी पाहुण्यासमोरही स्वयंपाकघराच्या दारातून असे दोन शब्द सहज टाकले जातात. वस्तुतः या शहरांत मराठी माणूस दोनअडीचशे वर्षे राहत आला आहे. दुकानदाराच्या आजोबांनीही मराठी गिऱ्हाईक पाहिलेले असते. त्याला सगळे समजते. तो हसून माल बांधून देतो, इतकेच. आणि त्याला समजत नाही असे गृहीत धरले, तरी बहिऱ्याला शिवी देऊ नको, असा नियम जुन्या करारात लेवीय पुस्तकात आहे. जो ऐकू शकत नाही, जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यावर तोंड टाकणे हे तिथे वेगळे सांगून निषिद्ध मानले आहे.

बोलून गेलेले परत कसे घ्यावे? रोमचा संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) याच्या नावावर एक कथा सांगितली जाते. निंदेची सवय जडलेली एक बाई त्याच्याकडे पापनिवेदनासाठी आली. त्याने तिला बाजारातून कोंबडी आणून, वाटेने तिची पिसे उपटत येण्यास सांगितले. ती आली. मग तो म्हणाला, आता मागे जा आणि ती सारी पिसे गोळा करून आण. कथा सर्वांस आवडते. मला मात्र ती थोडी अपुरी वाटते. कारण पिसे गोळा होत नाहीत, एवढे म्हणून ती थांबते आणि ऐकणारा हताश होऊन घरी जातो. नीतिशास्त्र इतक्या स्वस्तात सोडीत नाही. चोरलेले द्रव्य परत करावे लागते, त्याप्रमाणे हिरावलेला लौकिकही शक्य तितका परत करावा लागतो, असे तेथे मानले आहे. खोटे सांगितले असेल, तर ज्यांना सांगितले त्यांच्याकडे जाऊन ते खोटे होते, असे सांगावे लागते. खरे पण अनावश्यक सांगितले असेल, तर प्रकरण अधिक बिकट. कारण ते खोटे होते असे म्हणता येत नाही. अशा वेळी त्या माणसाचे जे गुण आपल्याला ठाऊक आहेत, ते त्याच लोकांपुढे तितक्याच आवर्जून सांगणे, हा एक मार्ग उरतो. करून पाहिल्यावर कळते की, पिसे वेचण्यापेक्षा हे फारसे सोपे नाही.

यापुढची पायरी जॉन वेस्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घातली. अठराव्या शतकात इंग्लंडभर घोड्यावरून फिरून उपदेश करणाऱ्या या मेथडिस्ट प्रचारकांत मत्सर, कुजबुज, गैरसमज यांना तोटा नव्हता. जानेवारी १७५२ मध्ये वेस्ली, त्याचा भाऊ चार्ल्स आणि इतर काही प्रचारक यांनी एका करारावर सह्या केल्या. त्याचा आशय असा. एकमेकांविषयी वाईट ऐकून घ्यायचे नाही, त्याची चौकशीही करायची नाही. कानावर आलेच तर त्यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही. जितक्या लवकर होईल तितक्या लवकर ते ज्याच्याविषयी आहे त्याला तोंडी किंवा पत्राने कळवायचे. तसे कळवेपर्यंत दुसऱ्या कोणाजवळ त्यातले अक्षरही काढायचे नाही, आणि कळविल्यानंतरही नाही. सदसद्विवेकबुद्धीने अगदी भागच पाडले, तरच यातून सूट.

या करारातले शहाणपण असे की, तो जिभेइतकाच कानालाही बांधतो. आपण बोलणाऱ्याला दोष देतो आणि ऐकणाऱ्याला निर्दोष सोडतो. वस्तुतः 'हो का? मग पुढे काय झाले?' हे शब्द नसते, तर निम्म्या कथा जागीच विझल्या असत्या. आज कुटुंबांचे मोबाइलवरचे गट असतात. इंदूरचा मामा, बेळगावची आत्या, अमेरिकेतला पुतण्या सगळे त्यात असतात. कोणाविषयीची वार्ता एका बोटाच्या स्पर्शाने पन्नास घरी पोचते, आणि ती ज्याच्याविषयी आहे त्याला ती सर्वांत शेवटी कळते. वेस्लीने हाच क्रम उलटा केला होता: प्रथम त्यालाच.

सतराव्या शतकातील इंग्लंडच्या क्वेकर पंथाने वेगळाच आग्रह धरला. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, याहून अधिक बोलू नये, हे डोंगरावरील प्रवचनातील वचन त्यांनी शब्दशः घेतले आणि न्यायालयात शपथ घेण्याचे नाकारले. शपथेवर खरे बोलायचे, तर एरवी काय खोटे बोलायचे? या हट्टापायी ते तुरुंगात गेले. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध खास कायदाही झाला. अखेर त्या शतकाच्या शेवटी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा त्यांना मिळाली. आज भारतीय न्यायालयांतही साक्षीदाराला ईश्वराची शपथ न घेता प्रतिज्ञा करता येते. क्वेकर दुकानदार मालाची किंमत एकच सांगत; जी किंमत घ्यायची नाही ती बोलणे म्हणजे असत्य, अशी त्यांची समजूत. भाजीबाजारात घासाघीस करण्यात हयात गेलेल्या आपल्या गृहिणींना हे कितपत रुचेल, कोण जाणे!

एका बाबतीत मात्र ख्रिस्ती लोकांनी स्वतःचा हिशेब तपासावा, असे इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात धर्मवाद जोरात होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले, ते प्रसिद्धच आहेत. त्या काळच्या पुष्कळ मिशनरी पुस्तिकांची भाषा हिंदू दैवतांविषयी आणि आचारांविषयी कडवट, कित्येकदा तुच्छतेची होती. आणि उलट बाजूनेही तितक्याच तिखट जिभेने उत्तरे दिली गेली. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे, अशी पेत्राच्या पहिल्या पत्रात आज्ञा आहे. ती त्या धुमाळीत कोठे गेली होती? त्याच मराठीत नारायण वामन टिळकांनी वेगळा सूर लावला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि ओवी यांतून आपली नवी श्रद्धा गायिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. त्याहीपूर्वी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले होते. जन्माने इंग्रज असलेल्या त्या जेझुइटाने मराठीचा गौरव ज्या गोडव्याने केला आहे, तो शाळकरी मुलांनाही माहीत असतो. दुसऱ्याची भाषा शिकणे आणि ती आदराने वापरणे, हाही वाणीच्या संयमाचाच एक भाग मानायला हरकत नाही.

टिळकांचे नाव निघाले की लक्ष्मीबाई आठवतात. टिळक शीघ्रकोपी. राग क्षणात चढायचा, क्षणात उतरायचा. घरातली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकायची, न सांगता निघून जायचे, हे नित्याचे. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी यातले काही लपविलेले नाही. पत्नीने पतीचे दोष चारचौघांत सांगितले, असे म्हणून त्या पुस्तकाला निंदेच्या सदरात घालता येईल काय? वाचणारा प्रत्येक जण नाही म्हणेल. का नाही, याचा विचार करण्यासारखा आहे. मला वाटते, लक्ष्मीबाई सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःला. आणि पुस्तक मिटताना टिळक वाचकाच्या मनात लहान झालेले नसतात, उलट जवळचे झालेले असतात. ज्याच्याविषयी सांगितले त्याची उंची सांगून झाल्यावर कमी झाली की नाही, एवढे पाहिले तरी आपण काय केले ते समजते.

आता या विषयाची दुसरी बाजू, जी सहसा झाकली जाते. जिभेस लगाम घाला, हा उपदेश आपल्या समाजात नेमका कोणाला केला जातो? सुनेला केला जातो. मोलकरणीला केला जातो. कर्त्या पुरुषाला, गुरूला, धर्माधिकाऱ्याला क्वचितच. याकोबाने मात्र हा अध्याय सुरू करतानाच सांगितले आहे की, तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. लगाम आहे तो प्रथम उपदेशकाच्या तोंडासाठी.

ख्रिस्ती मंडळीला याची किंमत मोजावी लागली आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणालाही सांगू नये, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने कडक शब्दांत घालून दिला. १३९३ साली प्राग येथे राजाज्ञेने नदीत बुडविला गेलेला जॉन नेपोमुक हा या गुप्ततेचा हुतात्मा म्हणून पुढे पूजिला गेला. (इतिहासकार त्याच्या वधाचे कारण राजा आणि आर्चबिशप यांच्यातील अधिकाराचा वाद हे देतात, ते असो.) असे मौन पवित्र खरेच. परंतु त्याच संस्थेत निराळ्या प्रकारचे मौनही वाढले. २००२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या वृत्तपत्राने उघडकीस आणले की, मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंची प्रकरणे वर्षानुवर्षे दडपली गेली होती. गुन्हेगाराला एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलविले जाई आणि पीडितांना संस्थेच्या लौकिकासाठी गप्प राहण्यास सांगितले जाई. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि त्याच वर्षी या खटल्यांवरील गुप्ततेचे कलमही काढून टाकले. पीडिताचे बोलणे हे निंदा नव्हे. अक्वायनसनेही सबळ कारणाचा अपवाद ठेवला आहे आणि वेस्लीच्या करारातली शेवटची सूटही याचसाठी आहे. घरात मार खाणाऱ्या मुलीला 'घरचे बाहेर बोलू नये' असे सांगणारे वडीलधारे याकोबाचे नाव घेऊ शकत नाहीत.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. पुढे चेल्टनहॅमच्या विद्यालयात असताना रमाबाईंनी इंग्रज तरुणांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा १८८५ मध्ये पत्रांतून मोठा वाद झाला. गर्व, आडमुठेपणा असे दोष रमाबाईंना लावले गेले. त्यांनी उत्तरे लिहिली. आपल्याला स्वतःचे मन आणि सदसद्विवेकबुद्धी आहे, ती कोणाच्या हाती देणार नाही, हे स्पष्ट सांगितले. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका विचारल्या. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, आमची संस्कृत काय वाईट, असेही विचारले. पंचविशीतल्या, परक्या देशात दुसऱ्यांच्या आधाराने राहणाऱ्या विधवेने हे लिहावे, याला धैर्य लागते. आणि तरीही त्या पत्रांत शिवीगाळ नाही, पाठीमागची कुजबुज नाही. जे म्हणायचे ते ज्याला म्हणायचे त्यालाच म्हटलेले आहे. ज्या बाईने पुढे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरासाठी १९२२ मधील मृत्यूपर्यंत एकेका शब्दाशी झुंज दिली, तिला शब्दाचे वजन तेव्हाही कळत होते.

हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. रमाबाईंची लहानगी मनोरमा तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्लंडात होती, आणि सिस्टर जेराल्डिन यांना या मायलेकींनी आपल्याकडचे एक नाव दिले होते. इंग्रजीत लिहिलेल्या त्या वादाच्या पत्रांतही रमाबाई त्यांना हाक मारतात ती आजीबाई म्हणूनच.